चढवण्याआधी उतरवायचे कसे, ते ठरवा

प्रति,
महाराष्ट्रातील रोपवे प्रकल्पांना मंजुरी देणारे, ते उभारणारे आणि चालवणारे सर्व अधिकारी व संस्था

सविनय नमस्कार,

मी गेली बावीस वर्षे सह्याद्रीत फिरते आणि त्यातली बारा वर्षे एका स्वयंसेवी बचाव पथकात आहे. कड्यावर अडकलेला किंवा दरीत पडलेला माणूस दोराच्या मदतीने सुखरूप बाहेर काढायचा, हे आमचे काम. पण हे पत्र लिहायची गरज मला पहिल्यांदा वाटली ती सह्याद्रीत नाही, हिमालयातल्या एका स्की केंद्रावर.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी तिथे स्कीइंग शिकायला गेले होते. उतारावरून वर जायला दोन माणसांच्या खुर्च्यांची लिफ्ट होती. एक लोखंडी बाक, पुढे आडवी दांडी आणि डोक्यावर सरकणारा पोलादी दोर. माझ्या शेजारी शाळेच्या सहलीतला एक मुलगा बसला, असेल बारा वर्षांचा. अर्ध्या वाटेत, दोन खांबांच्या बरोबर मधे लिफ्ट थांबली. खुर्ची दोन-चार हेलकावे खाऊन स्थिर झाली. लिफ्ट चालू असते तोवर कप्प्यांची घरघर सारखी कानावर असते. ती बंद पडली की एकदम सगळे शांत होते. बर्फ आमच्या खाली तीन मजल्यांवर होता.

पहिली पाच मिनिटे कोणाला काही वाटत नाही. चढताना कोणी धडपडले तरी लिफ्ट थांबवतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. दहा मिनिटांनी मुलाने विचारले, "दीदी, ये चलेगी ना?" मी हो म्हटले. मग वारा सुटला. पायातले बूट आणि स्की यांचे वजन गुडघ्यांवर लोंबत होते. नाक पुसायला त्याने हातमोजा काढला आणि तो हातातून निसटला. तो खाली पडेपर्यंत आम्ही दोघे त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानंतर त्याचा उघडा हात मी माझ्या जॅकेटच्या आत, काखेत धरून ठेवला.

अशी चाळीस मिनिटे गेली. लोकांना दोराने खाली उतरवणे हे मला येणारे एकमेव काम, आणि त्या दिवशी माझ्याजवळ ना दोर होता, ना हार्नेस, म्हणजे दोराला अडकवायचे अंगावरचे पट्टे. काय बिघडले आहे, किती वेळ लागेल, हे सांगायला भोंगा नव्हता. खुर्चीवर फोन नंबर लिहिलेला नव्हता. शेवटी एक कर्मचारी बर्फातून चालत आला, वर बघून काहीतरी ओरडला आणि पुढे निघून गेला. मग लिफ्ट चालू झाली. मुलाची बोटे पांढरी पडली होती. त्याचे शिक्षक ती चोळायला निघाले, त्यांना थांबवून मी हात कोमट पाण्यात धरायला लावला. वरच्या टोकाच्या माणसाला मी विचारले, या थांबण्याची नोंद कुठे करता? तो म्हणाला, "मॅडम, चालू हो गयी ना?"

त्या माणसावर माझा राग नाही. त्याला कोणी वही दिलीच नव्हती.

आता तुम्हाला का लिहिते ते सांगते. केंद्र सरकारने 2022-23 च्या अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' ही रोपवेंची राष्ट्रीय योजना जाहीर केली. आपल्या राज्याने त्या योजनेतून चाळीसहून अधिक ठिकाणी रोपवे करायचे ठरवले आहे. गड, देवस्थाने, थंड हवेची ठिकाणे. मी रोपवेच्या विरोधात नाही. रायगडावर 1996 पासून रोपवे आहे. गुडघे गेलेली माझी आई त्याच पाळण्यातून वर गेली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा महाराजांच्या समाधीवर फूल वाहिले. ज्याला पायऱ्या झेपत नाहीत त्याला गड बघायचा हक्क आहेच. प्रश्न एवढाच, की वर नेण्याचा आराखडा तुमच्याकडे पूर्ण आहे, तर मधेच लटकलेल्यांना खाली आणण्याचा आहे का? असेल तर तो आम्हाला दिसत का नाही?

लिफ्ट थांबते आणि थांबणारच. वीज जाते, वारा वाढतो, दोर कप्पीवरून सरकतो, गिअरबॉक्स किंवा बेअरिंग जाते, एखादा सेन्सर काहीतरी चुकीचे ओळखतो. जगातली उत्तमातली उत्तम लिफ्टही वर्षातून अनेकदा थांबते, कारण शंका आली की थांब, असेच तिला बनवलेले असते. म्हणून थांबण्याला लाजू नका, अशी माझी पहिली विनंती आहे. थांबणे म्हणजे बदनामी असे वरिष्ठांना वाटू लागले की खालची माणसे लिफ्ट थांबू न देण्याचे मार्ग शोधतात. इटलीत माजोरे सरोवराच्या काठी मोत्तारोने नावाचा डोंगर आहे. तिथल्या रोपवेचा आणीबाणीचा ब्रेक मधेमधे विनाकारण लागत होता. फेऱ्या बंद पडू नयेत म्हणून तो ब्रेक लोखंडी चिमटे अडकवून निकामी केलेला होता. 23 मे 2021 रोजी पाळणा वरच्या स्टेशनाजवळ पोचत असताना ओढणारा दोर तुटला. ब्रेक लागला असता तर पाळणा दुसऱ्या, जाड दोराला धरून जागेवर राहिला असता. पंधरा माणसे तिथेच अडकली असती आणि त्यांना उतरवता आले असते. पाळणा सुसाट मागे गेला आणि कोसळला. 14 माणसे गेली. वाचला तो पाच वर्षांचा एक मुलगा.

मी त्या चिमट्यांचा फोटो पाहिला आहे. स्वयंपाकघरातल्या सांडशीपेक्षा फार मोठे नसतील. ते बसवणाऱ्याला कोणाचा जीव घ्यायचा नव्हता, त्याला फक्त लिफ्ट चालू ठेवायची होती. म्हणून सांगते, लिफ्ट किती वेळा थांबली याची वही ठेवा आणि ती दर महिन्याला लोकांसमोर मांडा. ज्या रोपवेच्या वहीत वर्षभरात एकही नोंद नाही, त्यात मी माझ्या आईला बसवणार नाही.

बहुतेक वेळा लिफ्ट पुन्हा चालू होते. वीज गेली तर डिझेल इंजिन लावून पाळणे हळूहळू स्टेशनात आणता येतात. पण दोरच कप्पीवरून उतरला, खांबाला तडा गेला किंवा मुख्य चाकाचा आस गेला, तर हलवून चालत नाही. तेव्हा एकेका माणसाला जागेवरूनच खाली घ्यावे लागते. खुर्च्यांची लिफ्ट असेल तर खालून दोर टाकून तो वरच्या पोलादी दोरावरून घेतात, त्याला बांधलेले आसन वर खेचतात, प्रवासी ते काखेखाली घालून खुर्चीतून पुढे सरकतो आणि जमिनीवरचा माणूस त्याला सावकाश खाली सोडतो. बंद पाळणा असेल तर बचाव करणारा खांबावर चढतो, दोरावरून सरकत पाळण्यापर्यंत जातो, बाहेरून दार उघडतो, आतल्या माणसाला हार्नेस चढवतो आणि डिसेंडरवरून, म्हणजे दोर सावकाश सोडणाऱ्या साधनावरून, खाली सोडतो. ऐकायला सोपे वाटते. पाळण्यात आजी असेल, भीतीने दांडी न सोडणारे मूल असेल, तर एकाच माणसाला वीस मिनिटे लागतात. एका पाळण्याला अर्धा तास धरा. वीस पाळण्यांना दहा तास होतात. पथके चार असतील तर अडीच तास. सगळे गणित पथकांच्या संख्येवर येऊन थांबते आणि ही संख्या अपघाताच्या दिवशी वाढवता येत नाही.

दोन घटना शेजारी ठेवून बघा. अमेरिकेत कोलोरॅडोच्या विंटर पार्क स्की केंद्रात 21 डिसेंबर 2024 रोजी गोंडोलाच्या, म्हणजे बंद पाळण्यांच्या रोपवेच्या, एका भागाला तडा गेला आणि यंत्रणा थांबली. पाळण्यांत 174 माणसे होती. तिथल्याच स्की पेट्रोलच्या, म्हणजे केंद्राच्या स्वतःच्या बचाव पथकाच्या, लोकांनी त्यांना दोराने उतरवले. सुमारे पाच तासांत सगळे जमिनीवर होते. त्याच वर्षी 12 एप्रिलला, ईदच्या सुट्टीत, तुर्कस्तानात अंताल्याजवळ रोपवेचा खांब मोडला, एक पाळणा त्यावर आदळून फुटला आणि एक प्रवासी दगावला. बाकी पाळण्यांत अडकलेले लोकही 174 होते. शेकडो जवान आणि हेलिकॉप्टरे आली, तरी शेवटचा माणूस खाली यायला सुमारे 23 तास लागले. दोन्ही जागा सारख्या नव्हत्या. अंताल्याचा डोंगर खडकाळ आणि उभा आहे, तिथे खांबच पडला होता, आणि त्या बचावपथकांनी जिवाचे रान केले यात शंका नाही. पण आपले सगळे गड अंताल्यासारखे आहेत, विंटर पार्कसारखे नाहीत. म्हणजे आपली तयारी कोलोरॅडोपेक्षा जास्त हवी.

घरचे उदाहरण झारखंडचे आहे. 10 एप्रिल 2022, रामनवमी, देवघरजवळचा त्रिकूट पर्वत. रोपवेत बिघाड होऊन पाळणे दरीवर लटकले. एक जीव पहिल्याच तडाख्यात गेला. लोक चाळीस तासांहून अधिक काळ वर होते, दोन रात्री. एप्रिलच्या उन्हात पाणी नाही, आणि पाळण्यांत लहान मुले. ड्रोनने पाणी पोचवायचा प्रयत्न झाला. वायुदल, लष्कर, एनडीआरएफ, आयटीबीपी सगळे आले आणि त्यांनी कमाल केली. पण पाळण्यावर हेलिकॉप्टर आले की पंख्याचा वारा पाळणा गदागदा हलवतो. पोलादी दोर आणि पाती यांच्यातले अंतर वैमानिकाला क्षणोक्षणी सांभाळावे लागते. दिवसभर उपाशी, घाबरलेल्या माणसाला पट्टा नीट घालून हवेत सोडावे लागते. एक माणूस हेलिकॉप्टरच्या दारापर्यंत पोचला होता. तिथून हात सुटून तो खाली पडला. दुसऱ्या दिवशी एक बाई अशीच वर घेतली जात असताना दरीत गेली. तीन मृत्यूंपैकी दोन सुटका होत असताना झाले.

दोराच्या कामातल्या माणसाला हे सहन होत नाही. पाळण्यातला माणूस वाचलेला असतो. तो जिवंत आहे, बोलतो आहे, घरी फोन करतो आहे. त्याला उतरवताना आपल्या हातून तो जातो.

हेलिकॉप्टरला मी कमी लेखत नाही. हिमाचलमधल्या परवाणूला टिंबर ट्रेलच्या रोपवेवर ऑक्टोबर 1992 मध्ये दोर तुटून पाळणा दरीवर अडकला. तेव्हा ग्रुप कॅप्टन फली मेजर, जे पुढे वायुदलप्रमुख झाले, एमआय-17 घेऊन गेले आणि मेजर इव्हान क्रास्टो दोरावरून पाळण्यावर उतरले. अंधार पडल्यावर काम थांबवावे लागले. क्रास्टो प्रवाशांसोबत रात्रभर पाळण्यातच राहिले आणि उरलेल्यांची सुटका दुसऱ्या दिवशी पूर्ण झाली. दहा जणांचे प्राण वाचले. क्रास्टो यांना कीर्तिचक्र मिळाले. पण कीर्तिचक्र मिळावे इतके ते काम अवघड होते, म्हणूनच त्याच्या भरवशावर तिकीट विकता येत नाही. त्याच ठिकाणी जून 2022 मध्ये पुन्हा अकरा प्रवासी अडकले. त्या वेळी बचावाची ट्रॉली आणि दोर वापरून सगळ्यांना काही तासांत खाली आणले. हवाई दलाला दरीत उतरावे लागले नाही.

पाकिस्तानात बट्टग्रामला 22 ऑगस्ट 2023 रोजी शाळेला निघालेली मुले पाळण्यात लटकली. पाळण्यात आठ जण होते आणि खाली सुमारे 900 फूट दरी. हेलिकॉप्टरने एक मूल वर घेतले, मग वारा आणि अंधार यांमुळे ते परतले. उरलेल्यांना रात्री तिथल्याच झिपलाइनच्या जाणकारांनी, त्याच दोरावरून सरकत जाऊन आणले. मला या बातमीने सगळ्यात जास्त विचार करायला लावला. दोराशी रोज खेळणारी माणसे त्या डोंगरात आधीपासून होती. त्यांना बोलवायचे कोणी, हे आधी ठरलेले नव्हते, एवढेच.

आपल्याकडेही ती माणसे आहेत. 2018 मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा महाड, पोलादपूर, महाबळेश्वरचे ट्रेकर दोर घेऊन दरीत उतरले. 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली, त्या रात्री पावसात डोंगर चढून गेलेल्यांत खोपोली-कर्जतची पोरे होती. लोणावळ्यापासून नाशिकपर्यंत अशी पथके आहेत. एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, राज्याचे आपत्ती दल एसडीआरएफ धुळ्याला आणि नागपूरला. जुलैच्या पावसात सुदुंबऱ्याहून रायगडाच्या पायथ्याशी यायचे तर मधे घाट आहे. घाटात दरड आली असेल तर किती तास लागतील हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पायथ्याच्या गावातला, त्या कड्याची नस माहीत असलेला तरुण मात्र वीस मिनिटांत हजर असतो.

सह्याद्रीच्या काही गोष्टी परदेशी कंपनीच्या नियमावलीत सापडणार नाहीत, म्हणून इथे लिहिते. एक म्हणजे धुके. पावसाळ्यात समोरचा पाळणा दिसत नाही, तिथे हेलिकॉप्टर येणारच नाही. दुसरे, आग्या मोहोळ. आपल्या कड्यांवर ती असतातच. दोर आपटला, धूर झाला, अत्तराचा वास गेला तरी उठतात. गडावर मोहोळ उठले तर माणूस पळू शकतो. पाळण्यातला कुठे जाईल? कड्याजवळच्या खांबाखाली मोहोळ आहे का, हे हंगामापूर्वी बघितले पाहिजे, आणि बचाव करणाऱ्याकडे अंग झाकणारा पोशाख हवा. मी हे गंमत म्हणून सांगत नाही. मधमाश्यांच्या हल्ल्यात मेलेला माणूस मी खांद्यावरून खाली आणलेला आहे.

वाऱ्याचे आणि झाडांचेही तसेच. गुलमर्गच्या गोंडोलावर 25 जून 2017 रोजी वाऱ्याने झाड उन्मळून पडले आणि सात जण गेले. एक पूर्ण कुटुंब आणि तीन स्थानिक गाइड. वारा किती झाला की लिफ्ट बंद, हा आकडा तिकीट खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहा. तो आकडा लिहिलेला असला की रांगेतल्या पाचशे माणसांच्या दबावापुढे चालकाला उभे राहता येते. नाहीतर त्या पोराला एकट्याला सगळ्यांच्या शिव्या खाव्या लागतात.

शेवटची फेरी संपल्यावर पाळणे मोजा, माणसे मोजा. अमेरिकेतल्या हेवनली स्की केंद्रात जानेवारी 2024 मध्ये एक तरुणी दिवसाच्या अखेरीस गोंडोलात बसली आणि लिफ्ट बंद करून लोक घरी गेले. ती पंधरा तास, रात्रभर, गोठवणाऱ्या थंडीत हातपाय चोळत आत बसून राहिली. बिघाड काहीच नव्हता. मोजले नाही, एवढेच.

त्रिकूटच्या अपघातानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने सगळ्या राज्यांना लिहिले की प्रत्येक रोपवेची सुरक्षा तपासणी करा, आपत्कालीन कार्यपद्धती ठरवा, देखभालीच्या नोंदी ठेवा. ते पत्र चांगले आहे. माझे मागणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे: प्रत्येक नव्या रोपवेच्या मंजुरीच्या कागदावर एक ओळ असू द्या, की लिफ्ट पूर्ण भरलेली असताना ती जागेवर बंद पडली तर शेवटचा प्रवासी तीन तासांत जमिनीवर येईल. आणि उद्घाटनाची फीत कापण्याआधी ते करून दाखवा, घड्याळ लावून, पाळण्यांत खरी माणसे बसवून. नाही जमले तर पथके वाढवा, नाहीतर पाळणे कमी करा.

दर पाळण्यात मोठ्या अक्षरांत नंबर, नियंत्रण कक्षाशी बोलायचे साधन, पाण्याच्या बाटल्या आणि घोंगडी हवी. याला खर्च फार नाही. खर्च माणसांवर करा. पायथ्याच्या गावातले पंधरा-वीस तरुण निवडा, त्यांना प्रशिक्षण आणि दरमहा मानधन द्या, आणि विमा उतरवा. आमच्यातले अनेक जण आजही स्वतःच्या पैशाने दोर घेतात. दोराला वय असते. पाच-सात वर्षांत तो बदलावा लागतो, आणि तो कोणी बदलायचा हा वाद अपघाताच्या रात्री घालता येत नाही.

रायगडाचा रोपवे जिथून सुटतो त्या वाडीचे नाव हिरकणीवाडी आहे. दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्यासाठी एक गवळण अंधारात कडा उतरली, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. महाराजांनी तिचा सत्कार केला, आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. कडा कुठे उतरता येतो हे तिच्यामुळे कळले, त्याची त्यांनी नोंद घेतली आणि काम केले. पाळणे जिथून जाणार त्या प्रत्येक कड्याची अशीच पाहणी आम्हाला तुमच्यासोबत करायची आहे. कुठल्या खांबाखाली उभे राहायला जागा आहे, कुठे दोर खडकावर घासेल, कुठल्या टप्प्यावर खाली सोडलेला माणूस पुन्हा दरीतच जाईल, हे नकाशावर दिसत नाही.

पावसाळ्यापूर्वी एक दिवस ठरवा. सकाळी सातला, पर्यटक यायच्या आत. माझ्या पथकातले आठ जण आपापले हार्नेस आणि दोनशे मीटर दोर घेऊन येतील. तुमच्याकडून रोपवेचा मुख्य अभियंता यावा, स्थानिक पोलीस पाटील यावेत, आणि मधल्या पाळण्यात बसायला मंजुरीवर सही करणाऱ्यांपैकी कोणीतरी एक जण यावा. त्यांना आम्ही सावकाश खाली आणू.

आपली नम्र,
रायगड जिल्ह्यातील एक स्वयंसेवी बचावकर्ती